देव मानतो की नाही, एवढ्यावर दर्शनांची विभागणी होते का?

जिज्ञासू:
गेले काही महिने वेगवेगळे धर्म आणि दर्शनं वाचतोय, म्हणून एक तक्ता करायला घेतला, एकीकडे देव मानणारे आणि दुसरीकडे न मानणारे. ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम पटकन बसले. पण सांख्य कुठे टाकू? वेद मानतात पण जग घडवणारा ईश्वर नाही, नुसते पुरुष (चैतन्य) आणि प्रकृती (जगाचं जड मूळ). जैन तर म्हणतात जग अनादि आहे, कोणी बनवलंच नाही, तरी कर्म आहे, मोक्ष आहे. इथेच अडकलोय.

वाटसरू:
पहिला रकानाच बदला. भारतीय दर्शनांत आस्तिक-नास्तिक हा भेद देवावरून नव्हताच, वेदप्रामाण्यावरून, म्हणजे वेद प्रमाण मानतात की नाही यावरून होता, म्हणून मीमांसक (वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारं दर्शन मानणारे) जगाचा कर्ता नाकारूनही आस्तिकच. त्यापेक्षा जग आणि देव यांचं नातं काय ते विचारा. इस्लाममध्ये निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी, त्याच्यासारखं दुसरं काही नाहीच. शंकराचार्यांकडे शेवटी फक्त ब्रह्म, रामानुजांकडे जग खरं आणि ते ईश्वराचं शरीर, मध्वाचार्यांकडे ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेद कायमचे. आणि तिघांनीही भाष्य लिहिलंय त्याच ब्रह्मसूत्रांवर, वेदांताच्या मूळ सूत्रग्रंथावर! मला तर हे दोन धर्मांमधल्या फरकाहून मोठं वाटतं. युरोपातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाने देव आणि निसर्ग एकच मानले, त्यालाही या प्रश्नाने नीट जागा मिळते.

सांजवात:
पटलं, पण मग स्पिनोझा आणि शंकराचार्य शेजारी बसतील आणि ते चुकेल. स्पिनोझाच्या देवाला हाक मारून उपयोग नाही, तो कोणाचं ऐकत नाही. शंकराचार्यांकडे व्यवहाराच्या पातळीवर सगुण ईश्वर आहे, उपासना आहे. आई आजारी होती तेव्हा मला नेमका हाच फरक महत्त्वाचा वाटला होता, की पलीकडे ऐकणारं कोणी आहे का, बाकी सगळं नंतर.
आणि बुद्धाला घाईने ‘नाही’मध्ये टाकू नका. जग शाश्वत की अशाश्वत यावर त्यांनी उत्तरच दिलं नाही, विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला, तो बाण मारणाऱ्याचं नाव-गाव विचारत बसला तर उपचाराआधीच मरेल.

जिज्ञासू:
मग दोन प्रश्न घेतो, नातं काय आणि ऐकणारं कोणी आहे का. जैनांचं दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येतं, तीर्थंकर वाट दाखवतात पण हस्तक्षेप करत नाहीत, तरी भक्ती आहेच. ती भक्ती मग कोणासाठी असते? जैन दर्शन जवळून माहीत असलेल्या कोणी सांगाल का?