मदत हवी आहे: माळकरी घरात, गॅलरीतल्या शेगडीवर अंडी नीट कशी उकडू?

संत्र्याची_साल

नमस्कार मंडळी. मला सातवा महिना लागलाय. डॉक्टरबाईंनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत. रोज दोन उकडलेली अंडी खा म्हणाल्या, पण पूर्ण शिजलेली, बलक वाहता अजिबात नको, असं दोनदा बजावलं.

आता आमचं सासर माळकरी. सासूबाईंनी आडकाठी केली नाही, उलट "बाळासाठी खा गं" म्हणाल्या. अट एकच: स्वयंपाकघरात नको आणि घरातलं भांडं नको. त्यामुळे गॅलरीत इंडक्शन शेगडी, एक वेगळं स्टीलचं पातेलं आणि मी. माहेरीही कधी अंडं शिजलं नाही, म्हणून आईला विचारायची सोय नाही.

गार पाण्यात अंडी घालून शेगडी लावते. एखादं तरी तडकतंच आणि पांढरा फेस पातेलंभर होतो. सोलताना निम्मं अंडं टरफलाबरोबर जातं. कच्चं राहू नये म्हणून अर्धा तास उकळत ठेवते, तर बलकाभोवती हिरवट-काळी कड येते. ती पाहून नवरा म्हणतो फेकून दे, विषारी असेल.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. सकाळी आठला उकडते, सोलून डब्यात नेते, दुपारी एक-दीडला खाते. ऑफिसात फ्रीज नाही आणि सध्या नागपुरात पारा 42 च्या वर आहे. हे चालेल का?

आणि इलेक्ट्रिक केटलमध्ये उकडली तर?

अर्धा_कटिंग

केटल नको. उकळी आली की ती आपोआप बंद होते, मग आत किती शिजलं ते देवालाच माहीत. त्यात अंडं फुटलं तर पांढरं तळाला चिकटून करपतं आणि तो वास महिनाभर जात नाही. शिवाय चुकून त्याच केटलमधला चहा सासूबाईंना गेला तर तुम्हाला पुढचा धागा 'कौटुंबिक सल्ला' विभागात काढावा लागेल.

पाटावरवंटा

बाळा, आधी अभिनंदन. आता कृती सांगते, वाटेल तेव्हा धडधड न होता करता येईल अशी.

गार पाण्यापासून सुरुवात करू नकोस. पातेल्यात अंडी बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घे आणि त्याला आधी खळखळून उकळी येऊ दे. मग पळीत एकेक अंडं ठेवून अलगद खाली सोड. वरून टाकलंस की तळाला आपटून तडकणारच. सोडल्यावर आच थोडी कमी कर. पाणी उकळत राहिलं पाहिजे, पण अंडी एकमेकांवर आदळून नाचता कामा नयेत. निम्मा तडकण्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडे मिळतं ते अंडं साधारण 50-55 ग्रॅमचं. उकळत्या पाण्यात सोडल्यापासून 12 मिनिटं मोज, मोबाइलवर गजर लाव. फ्रीजमधून थेट काढलेलं असेल तर एखादं मिनिट वर. सहा-सात मिनिटांत काढलेल्या अंड्याचा बलक मऊ, चिकट राहतो. चवीला तो छान, पण तुला सध्या नको. अर्धा तास मात्र कशालाच नको, त्यानं पांढरं रबरासारखं होतं.

वेळ झाली की गरम पाणी ओतून दे आणि अंडी गार पाण्यात टाक, बर्फ असेल तर उत्तम. हे पाणी पिण्याचंच घे, बादलीतलं नको. अंडं निवताना आत आकसतं आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून बाहेरचं थोडं पाणी ओढून घेतं. पाच-दहा मिनिटांनी जाड टोकाकडून फोड, तिथे हवेची पोकळी असते, पातळ पापुद्रा तिथे सहज हाती लागतो. पापुद्र्याखाली बोट गेलं की टरफल आपसूक सुटतं. नळाच्या बारीक धारेखाली सोललंस तर कचही राहत नाही.

मीठ-व्हिनेगर घातल्यानं सोलायला सोपं जातं असं म्हणतात, मला कधी फरक दिसला नाही. एखादं तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं पटकन गोठतं, एवढाच उपयोग. सुईनं भोक पाडायच्या भानगडीत पडू नकोस. बाहेरची घाण आत ढकलायला आपणच वाट करून देतो.

हिरवी_कड

(आयडी योगायोगाने जुळला आहे.) ती कड विषारी नाही. पांढऱ्या भागात गंधक असतं. जास्त वेळ तापलं की त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन आयर्न सल्फाइडचा थर धरतो. उकडलेल्या अंड्याचा तो खास वासही या वायूचाच. 12 मिनिटं आणि लगेच गार पाणी, एवढं केलंत की कड जवळजवळ नाहीशी होईल. नवऱ्याला सांगा, फेकू नका, मला पाठवा.

प्लॅटफॉर्म_नं_2

डब्यातल्या अंड्यांचं एवढं काय? आम्ही लहानपणी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये मे महिन्यात उकडलेली अंडी रात्रभर घेऊन जायचो. कोणाला काही झालं नाही.

पेट्रीडिश

अन्नसुरक्षेचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. वरच्या दादांना झालं नाही, चांगलं आहे. पण निरोगी माणसाचं जुलाबावर निभावतं, गरोदरपणात तोच जंतुसंसर्ग ताप आणि शरीरातलं पाणी कमी होण्यापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरांनी दोनदा बजावलं ते उगाच नाही.

भीती मुख्यतः साल्मोनेला या जिवाणूची. तो कवचाबाहेर विष्ठेतून लागलेला असू शकतो आणि कधीकधी कोंबडीच्या शरीरातच अंड्यात शिरलेला असतो. म्हणून कवच स्वच्छ दिसलं तरी आतलं कच्चं खायचं नाही. अंड्याच्या मध्यापर्यंत 71 अंश सेल्सिअस पोचलं की तो मरतो. बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो, त्यामुळे कापल्यावर मधोमध कोरडा, भुरभुरीत बलक दिसला की समजायचं काम झालं. थर्मामीटरची गरज नाही.

आता डबा. इथे सगळ्यांचा एक गैरसमज असतो: उकडलं म्हणजे टिकलं. खरं तर उलट आहे. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो उकडताना जातो. पांढऱ्यात जंतूंना रोखणारी जी प्रथिनं असतात त्यांचंही बळ शिजल्यावर सरतं. सोललेल्या अंड्याला तर आपले हातही लागलेले असतात. म्हणून नियम असा: उकडलेलं अंडं फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आठ ते दीड म्हणजे साडेपाच तास, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात. नाही चालणार. न सोलता नेलं तरी नियम तोच.

माझं मत विचाराल तर डब्याचा हट्टच सोडा. उकडा आणि दोन्ही सकाळीच खाऊन निघा. न्यायचंच असेल तर आदल्या रात्री उकडून, न सोलता फ्रीजमध्ये गार करा आणि गोठवलेल्या जेलपॅकसकट इन्सुलेटेड पिशवीत न्या. पण दुपारी पॅक कोमट झालेला असेल तर मोह आवरा. फ्रीजमध्ये न सोललेली उकडलेली अंडी आठवडाभर चालतात. दारातल्या खणात ठेवू नका, दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान हलतं.

आणि एक. गार अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. आत वाफ कोंडते आणि तोंडात घातल्यावरही फुटू शकतं.

संत्र्याची_साल

बाप रे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. काकू, तुमच्या पद्धतीनं आज केलं. एकही तडकलं नाही! कडही नाही. पण सोलणं अजून रडकुंडीला आणतंय. अंडी तर अगदी ताजी, ओळखीच्यांच्या घरच्या कोंबड्यांची, गावरान.

डब्याऐवजी सकाळीच खाईन. पेट्रीडिशताई, अजून दोन शंका. शेजारच्या काकू म्हणतात अंड्यानं टायफॉइड होतो. खरं का? आणि पाण्यात तरंगणारं अंडं खराब असतं म्हणतात, मग सगळी आधी पाण्यात घालून बघू का?

पेट्रीडिश

टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेलाच्याच कुळातला, म्हणून गोंधळ होतो. पण तो फक्त माणसात राहतो आणि दूषित पाणी, अस्वच्छ हात यांतून पसरतो. अंड्यातला वेगळा. कच्चं अंडं हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, ते मात्र दोन्हींसाठी.

तरंगण्याचं उत्तर कोंबडीवाल्यांनी द्यावं, ते इथे असतात.

खुराडा_अँड_सन्स

आलो. आमचं सांगलीकडे लेअर फार्म आहे.

ताई, तुमचं सोलणं अडतंय ते अंडी ताजी आहेत म्हणूनच! ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातात तसा तो कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा सामू साधारण 7.6 वरून 9 च्या पुढे सरकतो, आणि मग ते पापुद्र्याला कमी चिकटतं. उकडायची अंडी आठवडाभर फ्रीजमध्ये जुनी होऊ द्या, ताजी आम्लेटला वापरा (ते कोणत्या गॅलरीत करायचं ते तुम्ही ठरवा).

तरंगण्याचंही तसंच. अंडं जुनं होतं तशी आतली पाण्याची वाफ बाहेर जाते, हवेची पोकळी वाढते आणि ते आधी उभं राहतं, मग तरंगतं. म्हणजे वय कळतं, जंतू कळत नाहीत. बुडालेलं अंडं सुरक्षितच असेल असं नाही. तरंगणारं वेगळ्या वाटीत फोडून बघा, सडलं असेल तर नाकाला लगेच कळतं.

घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांना विष्ठा, पेंढा चिकटलेला असतो. आणल्या आणल्या धुवून ठेवू नका, वरचा थर निघून जातो. कोरड्या कापडानं पुसा. धुवायचंच तर उकडण्याच्या लगेच आधी आणि कोमट पाण्यानं. गार पाण्यात अंडं आकसतं आणि बाहेरची घाण आत खेचतं. ट्रेमध्ये तडकलेलं दिसलं तर दुकानदाराला परत करा, "आजच फुटलंय" म्हटला तरी.

तपकिरी म्हणजे गावरान असंही काही नाही हो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. आमच्याकडच्या तपकिरी अंड्यांना शहरात गावरानचा भाव मिळतो, आम्ही गप्प बसतो.

छाती_छप्पन_नाही_अडतीस

ट्रेनर कच्ची अंडी दुधात घालून प्यायला सांगतो. शिजवल्यावर प्रथिनं मरतात म्हणे?

पेट्रीडिश

उलट. बेल्जियममध्ये 1998 साली केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली फक्त 51 टक्के. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्वही अडवून ठेवतं. ट्रेनर बदला.

चोगलमसर_डायरी

थोडं अवांतर. आम्ही सध्या लेहला, नवरा फौजेत. इथे साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. 12 मिनिटांत बलक ओला निघतो. मी कुकरमध्येच उकडते. उटी, मनालीला फिरायला जाणाऱ्यांनीही थोडी मिनिटं वाढवावीत.

संत्र्याची_साल

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरलंय: गावरान अंडी आणली की त्यांच्यावर पेन्सिलीनं तारीख, आठवड्यानंतर उकडायची, 12 मिनिटं, पिण्याच्या पाण्यात गार आणि निघण्याआधी पोटात. सासूबाईंनी गजराचं काम स्वतःकडे घेतलंय. हरिपाठ चालू असला तरी "झाली गं तुझी बारा मिनिटं" अशी हाक येते.

शेवटचं एक. टरफलं कुंडीत घातली तर चालतात ना?

पाटावरवंटा

चालतात की. धुवून, उन्हात वाळवून, बारीक चुरून घाल, नाहीतर मुंग्या लागतात. गुलाबाला घाल. तुळशीला घालायच्या आधी मात्र घरात विचार.