लांब पल्ल्याची सायकल आणि सीटचा त्रास : स्त्रियांचे अनुभव

धागाकर्ती

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या स्त्रिया गुडघे, पाठ, मनगटे यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. पण सीटवर बसून जिथे खरा त्रास होतो त्या भागाचा विषय निघाला, की "होते थोडेसे, सवय होईल" यावर बोलणे संपते. सवयीने काही गोष्टी जातात, हे खरे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बैठकीच्या हाडांवर येणारा ठणका पुढे आपोआप कमी होतो. बधिरपणा, सूज, सोलवटलेली कातडी आणि केसांच्या मुळाशी पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुळ्या मात्र सवयीने जात नाहीत, आणि त्या सहन करण्यात काही शौर्य आहे असे मला वाटत नाही. म्हणून हा धागा. दुखणे नेमके कुठे होते, किती वेळाने सुरू होते आणि काय बदलल्यावर फरक पडला, हे कृपया लिहावे. नुसते "अमुक सीट घ्या" एवढे लिहिल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण एकीला मानवलेली सीट दुसरीला अर्ध्या तासात नकोशी होते. अवयवांची नावे घेण्याचा संकोच नसावा.

वय ३४, हायब्रिड सायकल

माझे दुखणे मागच्या बाजूला, दोन्ही बैठकीच्या हाडांवर होते आणि साधारण दीड तासाने सुरू होई. सगळ्यांनी सुचवले म्हणून जेलची जाड सीट लावून पाहिली. पहिला अर्धा तास ती फार सुखाची वाटली आणि मग दुखणे मागून पुढे सरकले. याचे कारण असे, की फार मऊ गादीत हाडे रुततात, त्यांच्या मधला भाग वर फुगतो आणि जो भार हाडांनी पेलायचा तो नाजूक भागावर येऊन पडतो.

प्रश्न मऊपणाचा नव्हता, रुंदीचा होता. मोजमाप घरीच करता येते. कडक, सपाट स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून पातळ कपड्यांत त्यावर बसावे, सायकलवर आपण जितके वाकतो तितकेच पुढे वाकावे आणि स्टुलाच्या कडा हातांनी धरून स्वतःला खाली ओढावे. उठल्यावर पुठ्ठा उजेडात तिरपा धरला, की दोन वाटोळे खळगे दिसतात. ते पुसट असतील तर बोटाने चाचपावेत, त्यांचे मध्य पेनने खुणावावेत आणि मधले अंतर मोजावे. माझे अंतर १३२ मिलिमीटर भरले आणि सायकलसोबत आलेली सीट १४० मिलिमीटरची होती. म्हणजे हाडे गादीवर न टेकता तिच्या उतरत्या कडांवर टेकत होती. मोजलेल्या अंतरात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवावेत, असा ठोकताळा आहे. ताठ बसणाऱ्यांना जास्त रुंदी लागते, खूप वाकणाऱ्यांना कमी, कारण वाकल्यावर कमरेचा सांगाडा पुढे कलतो आणि हाडांचा पुढचा, अरुंद होत जाणारा भाग सीटला लागतो. १५५ मिलिमीटरची, आधीच्यापेक्षा कडक सीट लावल्यावर माझा ठणका गेला.

धागाकर्ती

ताई, पुठ्ठ्याची पद्धत सविस्तर लिहिलीत, आभार. थोडी भर घालते. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते, पण ही केवळ सरासरी आहे. अंगकाठी किंवा वजन पाहून हे अंतर ओळखता येत नाही. सडपातळ स्त्रीची हाडे रुंद आणि स्थूल स्त्रीची अरुंद असू शकतात. त्यामुळे "लेडीज" असे लिहिलेली सीट डोळे झाकून घेऊ नये. काहींना पुरुषांसाठी म्हणून विकली जाणारी सीटच उत्तम बसते.

वय ४६, रोड बाइक

मला फक्त उजव्या जांघेत सोलवटायचे, डावीकडे कधीच नाही. घासू नये म्हणून लावायचे क्रीम बदलले, शॉर्ट्स बदलल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका मैत्रिणीने मागून सायकल चालवत माझे चित्रण केले आणि त्यात स्पष्ट दिसले, की पेडल खाली जाताना दर वेळी माझी कंबर उजवीकडे कलते. सीट उंच असली की पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि प्रत्येक डुलण्याला जांघ सीटच्या कडेवर घासते. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाभरात हे ४,८०० वेळा होते. अंदाज घेण्यासाठी भिंतीला टेकून सायकलवर बसावे, टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ होतो का, ते पाहावे; मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. मी सीट ८ मिलिमीटर खाली घेतली. डुलणे थांबले, पण त्रास एकाच बाजूला का, हा प्रश्न उरला होता. फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर उजवा पाय किंचित आखूड निघाला आणि त्या बुटाच्या क्लीटखाली (तळव्याला बसवलेला, पेडलला अडकणारा तुकडा) पातळ पट्टी घातल्यावर उरलेले घासणेही गेले.

वय २९, नुकतीच सुरुवात

माझा अनुभव छोटा आहे. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नसते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. निकरच्या शिवणी नेमक्या जांघेच्या घडीत येतात आणि घाम तिथेच धरून ठेवतात. शॉर्ट्स प्रत्येक वापरानंतर धुवाव्यात, कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावू नये, आणि सायकल थांबली की ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसू नये.

वय ४१, रोड बाइक

ज्या त्रासाबद्दल फारसे बोलले जात नाही, त्याबद्दल लिहिते. मला पुढच्या बाजूला, भगोष्ठांवर (योनीच्या बाहेरच्या ओठांवर) सूज येई, बधिरपणा येई आणि त्या दिवशी लघवीला बसले की झोंबे. मधे खाच असलेली सीट घेतली, तर त्रास वाढला, कारण खाचेच्या कडा सुजेच्या जागीच रुतत. काही जणींना खाचेने लगेच आराम पडतो. शरीररचना इतकी वेगवेगळी असते, की आधी परत करता येण्याच्या अटीवर वापरून पाहणे, एवढाच मार्ग आहे. मला शेवटी आखूड नाकाची (नाक म्हणजे सीटचे पुढचे निमुळते टोक), मधे खाचेऐवजी मऊ पन्हळ असलेली सीट लाभली. पण खरा फरक हँडलने पडला. ते फार लांब आणि खाली होते, त्यामुळे मी ओढली जाऊन सीटच्या नाकावर बसत होते. आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा दांडा) लावून हँडल वर घेतल्यावर भार पुन्हा मागच्या हाडांवर गेला. त्यानंतर सीटचे नाक दोन अंश खाली झुकवले. याहून जास्त झुकवले, तर शरीर पुढे घसरते आणि सगळा भार तळहातांवर येतो.

हा त्रास नवशिक्यांचाच असतो, असे कोणाला वाटत असेल, तर सांगते. ब्रिटनच्या पॅरासायकलपटू (दिव्यांग सायकलपटू) हॅना डाइन्स यांनी सीटमुळे आलेल्या सुजेवर शस्त्रक्रिया करावी लागल्याचे २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिले. रिओ ऑलिंपिकच्या तयारीत ब्रिटिश सायकलिंगच्या वैद्यकीय चमूने महिला खेळाडूंना वॅक्सिंग थांबवण्याचा सल्ला दिला होता, कारण केस घर्षण कमी करतात आणि ते काढल्यावर मुळाशी पुळ्या येतात. शर्यतींमध्ये सीट ९ अंशांपर्यंत झुकवण्याची मुभाही २०१६ पासून मिळाली. त्याआधी ती जवळजवळ सपाटच ठेवावी लागे.

वय ५२, टूरिंग

वॅक्सिंगनंतर पुळ्या येण्याचा अनुभव माझाही आहे. आता एक वेगळी गोष्ट. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते, योनीभोवतीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि वर्षानुवर्षे मानवलेली सीट अचानक टोचू लागते. मी सीट बदलण्याच्या बेतात होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी लावण्याचे औषध दिल्यावर तीच सीट पुन्हा चालू लागली.

दोन बाळंतपणांनंतर

टाक्यांची जागा भरली तरी बराच काळ हुळहुळी राहते. मी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरुवात केली, तीही ताठ बसण्याच्या सायकलवर. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा फार घासतात. मेन्स्ट्रुअल कपने तो प्रश्न सुटला, पण पहिल्यांदा तो लांब पल्ल्यावर वापरू नये.

ब्रेव्हे करणारी

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. एवढ्या वेळात कोणतीही सीट शेवटपर्यंत सुखाची राहत नाही. प्रश्न किती तग धरायचा, एवढाच असतो. मी दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभी राहते, चढावर तर मुद्दाम, म्हणजे दबलेल्या भागात रक्त पुन्हा खेळते. क्रीम त्रास सुरू झाल्यावर नव्हे, निघतानाच लावते, आणि निम्म्या अंतरावर शॉर्ट्स बदलते. दुसरी जोडी मुद्दाम वेगळ्या कंपनीची असते, म्हणजे पॅडच्या शिवणी वेगळ्या जागी येतात. टायर ३२ मिलिमीटरचे करून हवेचा दाब कमी केल्याने रस्त्याची कंपने जितकी कमी झाली, तितकी महागड्या सीटने झाली नव्हती.

घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) सायकल चालवणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट: तिथे सायकल हलत नाही आणि उभे राहण्याचे निमित्त मिळत नाही, म्हणून रस्त्यावर चार तास सोसणारी सीट घरात तासाभरात टोचते. सीटला दोष देण्याआधी घड्याळ लावून उभे राहून पाहावे.

धागाकर्ती

बधिरपणा आला तर काय करावे, असे दोघींनी विचारले आहे. मुंग्या आल्या, की त्याच क्षणी उतरावे. उतरल्यानंतरही बधिरपणा राहत असेल, सूज दुसऱ्या दिवशी उतरत नसेल किंवा गाठ हाताला लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि सायकल चालवता हे आवर्जून सांगावे. न सांगितल्यास निदान भलतीकडे जाऊ शकते.

वय ३८, रोड बाइक

सीट बदलणाऱ्यांसाठी लिहिते. दोन सीटची जाडी सारखी नसते, त्यामुळे सीटपोस्ट (सीटखालची नळी) न हलवता नवी सीट बसवली तरी बसण्याची उंची बदलते, आणि मग दुखते ते उंचीमुळे की सीटमुळे, हे कळत नाही. जुनी काढण्याआधी क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, सीटपोस्टला चिकटपट्टीची खूण करावी आणि नवी सीट त्याच अंतरावर आणावी. आखूड नाकाची सीट असेल तर नाकाचे टोक जुळवू नये. तिचा सर्वांत रुंद भाग जुन्या सीटच्या रुंद भागाच्या जागी यायला हवा. मग किमान दोन लांब फेऱ्या होईपर्यंत दुसरा कोणताही स्क्रू फिरवू नये.