सातवीतल्या मुलाला धडे ऐकायला दिले तर चालेल का?

प्रश्न – जि.प. शिक्षिका, सातारा जिल्हा

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. धडा मी वाचून दाखवला की सगळ्यांआधी उत्तरं तोच देतो. तोच धडा स्वतः वाचताना मात्र पहिल्याच ओळीत अडतो. ‘गुरुत्वाकर्षण’सारखा शब्द आला की ‘गुरु’ एवढं धरतो आणि पुढचं अंदाजाने सांगतो. डोळे तपासले, नजर चांगली आहे. तालुक्याच्या विशेष शिक्षिकेला अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडण्याची) शंका आहे, तपासणी अजून व्हायची आहे. तोवर विज्ञान-इतिहासाचे धडे त्याला ऐकायला द्यावेत असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, “ऐकायची सवय लागली तर तो वाचणार कधी?” पुस्तकाची पीडीएफ मोबाइलला वाचायला लावली तर भलतंच काहीतरी ऐकू येतं. घरी एकच फोन, तोही दिवसभर वडिलांजवळ. काय करावं?

विशेष शिक्षक, पुणे

बाई, द्याच. तपासणीच्या कागदासाठी थांबू नका.

त्याचं अडतंय ते अक्षर ओळखून शब्द उच्चारताना, अर्थ लावताना नाही. हे तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. वाचता येत नाही म्हणून ‘बाष्पीभवन’, ‘महसूल’ हे शब्द वर्षानुवर्षं कानावरच पडले नाहीत, तर उद्या वाचता येऊनही धडा कळायचा नाही. ही मुलं मागे पडतात ती इथे, आणि मग आपणच त्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. मला याचा फार त्रास होतो.

वाचन शिकवणं मात्र सोडायचं नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ वेगळा काढा: जोडाक्षरं, रफार, शब्द तोडून पुन्हा जोडणं, तेही त्याला झेपेल अशा मजकुरावर. विज्ञानाच्या तासाला विज्ञानच होऊ द्या.

पीडीएफ बहुधा जुन्या फाँटमध्ये असावी. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत युनिकोड (फोनला अक्षरं ओळखता येतात ती संकेतपद्धती) नसतं, म्हणून फोन भलतंच वाचतो. पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचलता येतो, पण जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात. त्यापेक्षा तुम्हीच वाचून रेकॉर्ड करा. दर परिच्छेदाची वेगळी फाइल करा आणि सुरुवातीला पान क्रमांक सांगा. ऐकताना पुस्तक उघडं आणि बोट ओळीवर हवं. धडा वर्गात घ्यायच्या आदल्या दिवशी ऐकवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांबरोबर असेल. फोन नसेल तर पेन ड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर पुरतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि बटण दाबलं की पुढची फाइल सुरू होते.

कायद्याची काळजी नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलून देण्याची मुभा आहे, आणि शिक्षणासाठी देणं त्यात येतं. फक्त रेकॉर्डिंग त्याच्यापुरतं ठेवा, यूट्यूबवर टाकू नका.

दृष्टिहीन वाचक, नाशिक

मी कॅसेटवर शिकलो. वाचणाऱ्या ताईंचा आवाज अजून कानात आहे. बाई, नाटकी वाचू नका. सरळ, स्पष्ट वाचा आणि मथळ्यानंतर जरा थांबा. घाईत वाचलेलं मागे नेऊन पुन्हा ऐकणं कॅसेटवर फार जिवावर यायचं. आता डेझी पद्धतीच्या, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठी केलेल्या डिजिटल बोलक्या पुस्तकात थेट हव्या त्या प्रकरणावर किंवा पानावर जाता येतं.

२०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही बघा. ते माझ्यासारख्यांपुरतंच नाही, छापील मजकूर वाचता न येणाऱ्या कुणासाठीही आहे. गोष्टींची पुस्तकंही त्याला ऐकू द्या. नुसती पाठ्यपुस्तकं ऐकून वाचनाची गोडी लागत नाही.

एक आई, ठाणे

माझ्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, आहे. वर्गात एकटीच्याच कानात इअरफोन, म्हणून तिने ते घालणंच सोडलं होतं. तिच्या बाईंनी मग तोच धडा स्पीकरवर सगळ्या वर्गाला ऐकवला, तेव्हा कुठे ती सावरली.

तपासणीचा पाठपुरावा मात्र सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती हव्या असतील तर सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ जातो. शाळेच्या चाचणीत प्रश्न वाचून दाखवायला तुम्ही आजपासूनही सुरुवात करू शकता.

जि.प. शिक्षिका, सातारा जिल्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पीकर शाळेत आहे, परिपाठाला वापरतो. शनिवारी पहिला धडा रेकॉर्ड करते. आकृत्यांचं काय करू? विज्ञानात तर पानोपानी आहेत.

विशेष शिक्षक, पुणे

त्याला दिसतं, त्यामुळे वर्णन करत बसू नका. “आता आकृती बघ, डावीकडचा बाण कुठे जातो?” एवढं विचारा आणि तो बघेपर्यंत रेकॉर्डिंगमध्ये थांबा. आकृतीतल्या भागांची नावं मात्र एकेक करून वाचा. ती बारीक अक्षरात असतात आणि जोडाक्षरांनी भरलेली असतात.