मावशीसाठी किरिन किकीचा एकच सिनेमा सुचवा

पाऊसवाट: 'शॉपलिफ्टर्स' या जपानी सिनेमातली आजी (किरिन किकी) बघितल्यापासून मावशीला (वय ७२) त्याच बाईचं आणखी काम बघायचंय. मावशीची केमो नुकतीच संपलीये, म्हणून आजारपण नको. फार वेळ बसवत नाही, तेव्हा दोन तासांच्या आतला हवा. भाडं दीडशेपर्यंत. शनिवारी लावायचाय.

कोथरूडकर: 'टोकियो टॉवर' (२००७), दुसरा विचारच करू नका. जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळालाय तिला. तरुणपणीची आई तिच्या सख्ख्या मुलीने केलीये. मी चारदा बघितला, चारही वेळा रडलो.

चहाबाज: अहो, तो १४२ मिनिटांचा आहे आणि त्यात आईला कॅन्सर होतो. प्रश्न वाचा की आधी.

कोथरूडकर: सिनेमा आई-मुलाच्या नात्याचा आहे. कॅन्सर कथेत येतो, एवढंच.

निशिकासाईकर: ही बाई खरी घडली टीव्हीवर. १९७४ ची 'तेराउची कानतारो इक्का' बघा. वय ३१ आणि भूमिका आजीची! मालिकेतला मुलगा तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. केस ब्लीच केले, हात तरुण दिसतात म्हणून बोटं उघडी राहणारे हातमोजे घातले. मी इथून, टोकियोहून, डीव्हीडी संच पुण्याला भावासाठी नेला, चांगला महागातला. त्याच्या प्लेअरवर चालेचना. डीव्हीडीला देशागणिक रीजन कोड असतो: जपानचा २, भारताचा ५. लॅपटॉपवर लावला तर इंग्रजी सबटायटल्सच नाहीत. घ्यायच्या आधी डब्याची मागची बाजू नीट वाचा.

हिरागाना_पुणे: किकी हे आडनाव, जपानीत किकी किरिन म्हणतात. तेही नंतर घेतलेलं. आधीचं युकी चिहो हे नाव तिने १९७७ मध्ये टीव्हीवरच्या लिलावात विकून टाकलं.

साताऱ्याची_सुगरण: 'स्टिल वॉकिंग' (२००८). दोन तासांच्या आत बसतो. मक्याचे दाणे सोलून त्याची भजी तळते, दाणे तेलात तडतडतात, घरभर माणसं. आणि मग रात्री क्रोशाचं विणकाम करता करता ती एक गोष्ट अशी बोलते, की एवढ्या मायाळू आईच्या पोटात इतका राग होता हे कळून अंगावर काटा येतो. आवाज जराही चढवत नाही.

चहाबाज: 'स्टिल वॉकिंग' छानच. पण मी म्हणेन 'एव्हरी डे अ गुड डे' (२०१८), फक्त १०० मिनिटं. ती चहाविधी शिकवणारी बाई आहे. गरम पाणी आणि गार पाणी ओतताना वेगळं वाजतं, हे त्या सिनेमात ऐकून मी घरी करून बघितलं. खरंच वेगळं वाजतं. नायिकेचे वडील जातात, पण दवाखान्यात बसवून ठेवत नाहीत.

कोथरूडकर: 'टोकियो टॉवर'सुद्धा दोन भागांत बघता येतो.

साताऱ्याची_सुगरण: 'स्वीट बीन' (२०१५) मात्र नको. अझुकीचं, म्हणजे तिथल्या लाल कडधान्याचं, पुरण शिजवणारी म्हातारी म्हणून लोक लावतात आणि पुढे निघतो कुष्ठरोग.

हिरागाना_पुणे: त्याला पुरण कसं म्हणता? आपलं हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं. तिथे अख्खी अझुकी आणि साखर.

साताऱ्याची_सुगरण: शिजवून, गोड करून, आटवून, आत भरायचं ते पुरण.

निशिकासाईकर: आजारपण नको हे बरोबर. पण तिला स्वतःलाच २००५ मध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला होता. २०१३ मध्ये पुरस्कार घेताना तिने कॅन्सर अंगभर पसरल्याचं सांगितलं. 'स्वीट बीन' आणि 'शॉपलिफ्टर्स' त्यानंतरचे. सप्टेंबर २०१८ मध्ये ७५ व्या वर्षी गेली. 'शॉपलिफ्टर्स'मध्ये तर कवळी काढून काम केलंय.

पाऊसवाट: सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मावशीला वाचून दाखवला. 'स्वीट बीन नको' वाचल्यावर तिने मला थांबवलं. ती वरोऱ्याला शिक्षिका असताना रविवारी आनंदवनात जायची, हे मला आज पहिल्यांदा कळलं. म्हणाली, "बोटं गेलेल्या हातांनी केलेलं जेवण मी खाल्लंय. मला तोच लाव." ११३ मिनिटांचा आहे, मध्ये एकदा थांबू. 'स्टिल वॉकिंग' पुढच्या महिन्यात.

साताऱ्याची_सुगरण: मग पहाटे अझुकी शिजवताना ती टोपावर वाकून कान लावते, तिथे आवाज वाढवा.