वीसेक क्लायंटपर्यंत ॲप कशाला? शीट पुरतं

धागाकर्ती, धरमपेठ, नागपूर
मी फिटनेस ट्रेनर, माझ्याकडे 14 क्लायंट आहेत. सकाळी अंबाझरीला चौघांची बॅच, बाकीच्यांच्या घरी जाते. सगळ्या नोंदी गूगल शीटमध्ये, प्रत्येकाचा वेगळा टॅब. 12 सेशनच्या पॅकमधली किती झाली ते शीटमधलं काउंटइफ हे सूत्र मोजतं. दोनच उरली की चौकोन लाल होतो. 60 किलोने 10 रेप्स (सलग उचली) झाले की एप्लीच्या सूत्राने, म्हणजे वजन × (1 + रेप्स/30), एकदाच उचलता येईल अशी अंदाजे कमाल उचल 80 किलो शेजारीच दिसते. मध्यंतरी सहा महिने एक ॲप घेतलं होतं. दर क्लायंटमागे पैसे, तेही डॉलरमध्ये. सोडताना जुन्या नोंदी नुसत्या पीडीएफमध्ये हातात आल्या. आठ जणांचं सगळं पुन्हा टाइप केलं मी.

मानेवाडा
ताई, नाही पटलं. सेट संपल्यावर घामेजल्या बोटाने मोबाइलवर शीट भरून बघा, भलताच चौकोन उघडतो. माझी सगळ्यांची यादी एकाच पानावर होती. घाईत एकच रकाना सॉर्ट केला. नावं जागेवर राहिली, वजनं हलली. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या काकूंपुढे 70 किलोचं डेडलिफ्ट. त्यांनीच विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ॲप. शिवाय माझे निम्मे क्लायंट पुण्यात नोकरीला, त्यांना व्हिडिओ आणि आठवण आपोआप जाते.

धागाकर्ती
ऑनलाइनवाल्यांसाठी ॲप, मान्य भाऊ. सॉर्टचं म्हणाल तर व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे शीटच्या जपलेल्या जुन्या आवृत्त्यांतून, आधीचं पान परत आणता येतं. पण आहाराचं काय? माझ्या ॲपच्या यादीत तर्री पोहे नव्हतेच. लोक नुसते ‘पोहे’ निवडायचे, तर्रीवरचं तेल नोंदीत यायचंच नाही. शीटमध्ये स्वतःच लिहितात, ‘तर्री दोनदा घेतली’. मला तेच हवं असतं.

त्रिमूर्तीनगर
ताई, एकाच फाइलमध्ये 14 टॅब, आणि ती फाइल सगळ्यांना शेअर? म्हणजे एकीची शुगर, दुसरीचं बाळंतपणानंतरचं वजन सगळ्यांना दिसतं. टॅब लपवून भागत नाही, फाइलची कॉपी केली की लपवलेलंही उघडता येतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. ती कोणी घेतली? ॲपमध्ये निदान ज्याचं त्यालाच दिसतं.

धागाकर्ती
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेअरिंग आत्ताच बंद केलं. आज रात्री बसून 14 वेगळ्या फाइली करते, ज्याची त्याच्याच ईमेलवर. आणि उद्या सकाळी अंबाझरीला चौघांना स्वतः सांगते.