मीडियाविकी त्याच मशीनवर चालतंय, मोबाइलवरून उघडत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात वर्तकनगरला आमची जुनी सोसायटी आहे, तिथल्या ऑफिसात धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकलं आणि त्यावर मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्याच्यावर चालतो तेच. कुठला वॉल्व्ह कुठल्या विंगचा, लिफ्टची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) कधी संपते, टाकीचा फ्लोट कुणी बदलला हे सगळं सेक्रेटरी काकांच्या डोक्यात, आणि काका चाललेत मुलाकडे पुण्याला. व्हॉट्सॲपवर टाकलं की गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गेलंच समजा.

अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपी ८.३ (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) सगळं झालं. इन्स्टॉलर आधी पीएचपीची एमबीस्ट्रिंग आणि एक्सएमएल ही एक्स्टेंशन्स नाहीत म्हणून अडून बसला, ती पॅकेजेस टाकली, शेवटी मिळालेली लोकलसेटिंग्जची (विकीच्या सेटिंग्जची) फाइल इंडेक्सच्या शेजारी ठेवली, मुखपृष्ठ मराठीत आलं, काका खुश. पण ऑफिसच्याच वायफायवर मोबाइलमध्ये त्या मशीनचा आयपी १९२.१६८.१.७ टाकला की क्षणभर काहीतरी लोड होतं आणि वरचा ॲड्रेस आपोआप लोकलहोस्ट होतो, मग साइट सापडत नाही. फायरवॉल बंद करून बघितली, तेच. अपाचेचं साधं टेस्ट पान मात्र मोबाइलवर मस्त दिसतं. शिवाय वॉल्व्हचे फोटो चढवायचेत तर अपलोडचा पर्यायच नाही. प्लीज नुसतं "डॉकर वापर" (म्हणजे सगळं कंटेनरमध्ये चालव) सांगू नका, उद्या हे दुसऱ्या कुणालातरी सांभाळायचंय.

प्रतिसाद १
फायरवॉल परत चालू करा आधी, फक्त पोर्ट ८० उघडा. इन्स्टॉलर त्याच मशीनच्या ब्राउझरमधून चालवलाय ना, म्हणून त्याने लोकलहोस्टच लिहून ठेवलंय. लोकलसेटिंग्जमध्ये डब्ल्यूजीसर्व्हरची (विकीच्या पत्त्याची) ओळ शोधा, तिथे एचटीटीपीसकट तुमचा आयपी घाला. मोबाइलला लोकलहोस्ट म्हणजे तो मोबाइल स्वतःच, तिथे काय सापडणार! राउटरमध्ये हा आयपी त्या मशीनला बांधून टाका, नाहीतर लाइट गेली की नवीन नंबर आणि परत बोंब. अपलोडसाठी डब्ल्यूजीएनेबलअपलोड्स ट्रू करा, इमेजेस फोल्डर अपाचेच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा युजरच्या नावावर करा. पीएचपीची अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी असते, मोबाइलचा फोटो त्यात बसत नाही, तीही वाढवा.

प्रतिसाद २
एवढ्याशा कामाला मीडियाविकी म्हणजे जरा जास्तच झालं. डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलींत असतात, फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की बॅकअप झाला.

मूळ धागाकर्ता
उघडलं दादा!! सर्व्हरची ओळ बदलली आणि काकांच्या फोनवर पण आलं. डोकुविकीचं पटतंय, पण काकांना विकिपीडियासारखं दिसायला हवंय, त्यामुळे आता हेच. बॅकअपला डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली प्रत), इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज एवढं पुरेल ना? की अजून काही राहतंय?