शिंपल्यांच्या भुकटीतून निघणारा वायू २२.४ लिटरच्या हिशेबात का बसत नाही?

मालवण_विज्ञान: दहावीच्या मुलांना मोल (पदार्थाच्या कणांची ठरावीक संख्या) आणि वायूच्या आकारमानाचं नातं दाखवायचंय. तिसऱ्यांच्या (खाडीतल्या कवचधारी जिवांच्या) शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटल्या. शंकुपात्रात १ मोलर (लिटरला १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलि. वायू साध्या पाण्यावर, मोजपात्रात. खोलीचं तापमान ३० अंश. ०.२० ग्रॅमला ४० मिलि मिळाला, ०.४० ला ८७. शिंपल्या म्हणजे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्या १०० ग्रॅममधून एक मोल कार्बन डायऑक्साइड निघतो; मोलला २२.४ लिटर धरून हिशेबाने ४४.८ आणि ८९.६ मिलि हवा. शिवाय भुकटी दुप्पट तर वायू दुपटीहून जास्त, हे कसं?

रत्नांग्री_रसायन: आधी हिशेब दुरुस्त करा. २२.४ लिटर हा आकडा ० अंश आणि १ वातावरण दाबाचा. ३० अंशाला एक मोल वायू २४.९ लिटर जागा घेतो, म्हणजे ०.००२ मोलचे ४९.७ मिलि. त्यात पाण्याची वाफ मिसळते (३० अंशाला ३१.८ मिमी पारा), म्हणून मोजपात्रात ५१.९ दिसायला हवेत. तुमची तूट पाच मिलिची नाही, बाराची आहे!

गुहागरचा_मास्तर: ती तूट पाण्यात आहे. ३० अंशाला एक लिटर पाणी जवळजवळ पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं. शंकुपात्रातलं आम्लही घेतंच. वायू थोडा असला की त्यातला मोठा वाटा असा गिळला जातो, म्हणून दुपटीचं गणित बिघडतं.

बूच लावण्याआधी आम्लात चिमूटभर भुकटी टाका, फसफस थांबू द्या, म्हणजे आम्ल आधीच वायू पिऊन घेईल; मग मोजलेली भुकटी घाला. मोजपात्राखाली साध्या पाण्याऐवजी मिठाचं संपृक्त पाणी घ्या, त्यात हा वायू कमी विरघळतो: १०० मिलिला ३६ ग्रॅम. मिठागरातलं जाडं मीठ चालेल, पण पाणी गाळून घ्या. त्यावर वाफ कमी, म्हणून ५१ मिलि अपेक्षित धरा. वाचन घेताना आतली-बाहेरची पातळी एक करा. १० सेंमी फरकाने जवळपास एक टक्का चूक होते. भुकटी आम्लात पडण्याआधी बूच घट्ट बसलेलं हवं, त्यासाठी ती छोट्या नळीत उभी ठेवून पात्र तिरकं करायचं.

वेंगुर्ला_लॅब: शिंपल्यांवरची तपकिरी साल खरवडून काढा, ती कार्बोनेट नाही. सल्फ्युरिक आम्ल नको, कणांवर कॅल्शियम सल्फेटचा थर बसून वायू थांबतो. २५ मिलि आम्ल सव्वा ग्रॅम भुकटीपर्यंतच पुरतं, पुढे भुकटी वाढवली तरी वायू वाढणार नाही.

फक्त नियमच दाखवायचा असेल तर मॅग्नेशियमची फीत घ्या. ०.०५ ग्रॅमला कोरडा हायड्रोजन ५१ मिलि, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ज्योत मात्र लांब ठेवा.